माली साम्राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडिंका लोकांच्या माली साम्राज्याबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात मान्सा मुसाच्या सोन्यापासून होते. सोन्याबद्दल इथे भरपूर आहे. पण हे साम्राज्य उभं होतं ते वाटांच्या बळावर, आणि त्या वाटांबद्दल कुणी विचारत नाही याची मला खंत वाटते. म्हणून प्र. ९ निदान एकदा वाचाच.

१. माली साम्राज्य कुठे होतं आणि किती काळ टिकलं?

पश्चिम आफ्रिकेत. उत्तरेला सहाराचं वाळवंट, दक्षिणेला घनदाट जंगल आणि मधल्या गवताळ पट्ट्यातून वाहणाऱ्या नायजर आणि सेनेगल या नद्या, असा हा मुलूख. नायजरच्या वरच्या खोऱ्यातला, आजच्या गिनी आणि माली देशांच्या सीमेलगतचा 'मान्देन' हा मंडिंकांचा मूळ प्रदेश. साम्राज्याची सुरुवात साधारण १२३५ मध्ये झाली. चौदाव्या शतकात, ऐन भरात असताना, ते पश्चिमेला अटलांटिक किनाऱ्यापासून पूर्वेला गाओ शहरापर्यंत पसरलं होतं. १६०० च्या आसपास ते विस्कटलं. (शेवट कसा झाला ते प्र. २० मध्ये.)

२. मंडिंका, मालिंके, बांबारा, जुला... हे सगळे एकच का?

चुलत भावंडं म्हणा. मान्देनचे लोक ते मंडिंका. त्यांनाच गिनीत मानिंका आणि फ्रेंच लिखाणात मालिंके म्हणतात. बांबारा आणि जुला या भाषा त्यांच्या इतक्या जवळच्या आहेत की एकमेकांचं बोलणं बरंचसं समजतं. 'जुला' या शब्दाचा अर्थच व्यापारी. 'मान्सा' म्हणजे राजा. ते मुसाचं नाव नव्हे, पदवी आहे. 'माली' हे 'मान्देन'चंच शेजाऱ्यांच्या तोंडी बदललेलं रूप मानलं जातं.

३. आजचा माली देश म्हणजेच ते साम्राज्य का? आणि घाना?

नाही. आजचा माली हा पूर्वीचा फ्रेंच सुदान. १९६० मध्ये स्वतंत्र होताना त्याने जुन्या साम्राज्याचं नाव घेतलं. साम्राज्याचा बराच भाग आज गिनी, सेनेगल, गाम्बिया, गिनी-बिसाऊ आणि मॉरिटानियात आहे. घानाच्या बाबतीत तर घोटाळा फार होतो. मालीच्या आधीचं घाना साम्राज्य आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या सीमाभागात होतं. १९५७ मध्ये ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीने ते नाव स्वीकारलं, पण दोन्ही जागांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर आहे.

४. हे सगळं कळलं कशावरून? मंडिंकांनी स्वतः काही लिहून ठेवलं का?

चौदाव्या शतकातलं मालीच्या दरबाराचं स्वतःचं दप्तर हाती नाही. जे आहे ते दोन अगदी वेगळ्या तोंडून आलेलं आहे. एक म्हणजे अरबीत लिहिणारे बाहेरचे लोक. अल्-उमरीने मुसाला भेटलेल्या कैरोतल्या माणसांना विचारून टिपणं केली, इब्न बतूता स्वतः तिथे जाऊन आला, आणि इब्न खल्दूनने राजांची वंशावळ जुळवली. दुसरं म्हणजे जेली लोकांची तोंडपाठ परंपरा (प्र. ५). सतराव्या शतकात टिंबक्टूच्या विद्वानांनी लिहिलेल्या बखरींचीही यात भर पडते.

या दोन परंपरांच्या आवडीनिवडी वेगळ्या आहेत. अरबी लेखक मुसाचं वर्णन करताना थकत नाहीत आणि साम्राज्याच्या संस्थापकाचं काम चार ओळींत उरकतात. जेली मात्र रात्र रात्र संस्थापक सुंजाताची गाथा गातात आणि त्यांच्या गाण्यात मुसाला फारसं स्थान नाही. कैरोत उधळलेलं सोनं कैरोवाल्यांच्या लक्षात राहिलं. घरच्यांच्या लक्षात राज्य उभं करणारा राहिला. म्हणून दोन्ही बाजू समोर ठेवल्याशिवाय मालीचा इतिहास वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

५. जेली म्हणजे आपल्याकडचे शाहीर का?

शाहिरापेक्षा भाट जवळचा. जेली हा जन्माने होतो. कुयाते, जाबाते अशी त्यांची ठरलेली घराणी आहेत. राजाची वंशावळ पाठ ठेवणं, दरबारात राजाच्या वतीने बोलणं, दोन कुळांमधला तंटा सोडवणं, लग्न जुळवणं, हे सगळं त्यांचं काम. बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं, खाली भोपळे बांधलेलं वाद्य), कोरा आणि न्गोनी (दोन्ही तंतुवाद्यं) ही त्यांची वाद्यं. लोहार आणि चामड्याचं काम करणारे यांचेही असेच जन्मजात गट असत आणि लग्नं आपापल्या गटातच होत. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

६. सुंजाता खरोखर होऊन गेला का?

हो. इब्न खल्दून त्याला 'मारी जाता' म्हणतो आणि सोसो लोकांवर विजय मिळवून त्याने राज्य वाढवलं असं नोंदवतो. बाकीचा तपशील गाथेतला आहे. त्याची आई सोगोलोन दिसायला कुरूप, पण अलौकिक शक्तीची. मुलाला कितीतरी वर्षं चालता येईना. सवतीने बाओबाबच्या (गोरखचिंचेच्या) पानांवरून आईला हिणवलं, तेव्हा तो लोखंडी दांड्याच्या आधाराने उभा राहिला आणि अख्खं झाडच उपटून आईच्या दारात आणून टाकलं. पुढे सावत्र भावाच्या भीतीने परागंदा व्हावं लागलं. सोसोचा लोहार राजा सुमंगुरू कांते याने मान्देन जिंकलं, तेव्हा लोकांनी सुंजाताला शोधून परत आणलं. सुमंगुरूवर लोखंडाचा वार चालत नसे, म्हणून बाणाला कोंबड्याची नखी लावली. किरिनाच्या लढाईत सुमंगुरू हरला.

झाड उपटलं का, हा प्रश्न बाजूला ठेवू या. पांगळं पोर, अपमान गिळणारी आई, वनवास आणि विखुरलेल्या कुळांची एकजूट: मंडिंका स्वतःकडे कसं पाहतात हे या गाथेइतकं दुसरीकडे कुठेच कळत नाही.

७. एवढं सोनं यायचं कुठून? खाणी राजाच्या होत्या का?

मुख्य क्षेत्रं दोन: सेनेगल आणि फालेमे नद्यांमधलं बांबुक आणि नायजरच्या वरच्या अंगाचं बुरे. पुढे दक्षिणेतल्या अकान लोकांच्या जंगलातूनही सोनं येऊ लागलं. हे सोनं नदीकाठच्या गाळात असे. शेतीचा हंगाम संपला की गावकरी विहिरीसारखे खड्डे खणत आणि माती धुऊन सोनं वेगळं काढत.

गंमत अशी की या गावांवर राजाची थेट सत्ता नव्हती. अल्-उमरी लिहितो की सोन्याच्या प्रदेशात राज्य आणि इस्लाम लादायला गेलं की उत्पन्न घटतं, हे मान्सांना अनुभवाने कळलं होतं. त्यामुळे त्या लोकांना त्यांच्या धर्मावर सोडून नजराणा तेवढा घ्यायचा, असं धोरण ठरलं. राजाची खरी मिळकत वाटेवरच्या जकातीची आणि नजराण्यांची.

८. मीठ सोन्याच्या भावाने, वजनास वजन विकलं जायचं हे खरं का?

हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि व्हिडिओंत सगळीकडे आहे, पण मालीच्या बाजाराला ते लागू पडत नाही. हिशेब करून पाहा. इब्न बतूताने भाव दिले आहेत. सहारातल्या तगाझाच्या खाणीतलं एका उंटाच्या ओझ्याएवढं मीठ वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या वालातात ८ ते १० मिस्काल सोन्याला, तर मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० मिस्कालपर्यंत जाई. एक मिस्काल म्हणजे सव्वाचार ग्रॅम धरला, तर सर्वात चढा भावही १७० ग्रॅम सोनं होतो. उंटाचं ओझं शंभर किलोच्या वरचं. म्हणजे वजनास वजन सोडाच, जवळपासही नाही.

तरीही वालातापासून राजधानीपर्यंत जाताना भाव तिप्पट होतो, हे विसरू नका. नफा त्या वाटेत होता.

९. वाळवंटातून माल नेमका कसा जायचा? व्यापार कोण करायचं?

एकच तांडा सहारापासून जंगलापर्यंत जात नसे. उत्तरेकडून मीठ, तांबं, कापड आणि घोडे घेऊन उंटांचे तांडे येत, ते वाळवंटाच्या दक्षिण काठापर्यंत. वालाता आणि पुढे टिंबक्टू ही तिथली उतारपेठ. याच्या खाली उंट टिकत नाही. ओलसर प्रदेशात त्सेत्से माशी असते आणि तिच्या चाव्याने उंट, घोडे मरतात. मग माल नायजरच्या होड्यांत चढे, जेन्नेपर्यंत जाई आणि तिथून पुढे गाढवांच्या पाठीवर. जंगलाजवळ गाढवंही थकली की माणसाच्या डोक्यावर. मिठाच्या लाद्यांचे प्रत्येक टप्प्यावर आणखी लहान तुकडे होत. उलट दिशेने सोनं, कोलाची फळं, हस्तिदंत आणि गुलाम (प्र. १५) येत.

दक्षिणेकडचा हा व्यापार मंडिंका बोलणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती होता. अरबी लेखक त्यांना वांगारा म्हणतात; पुढच्या काळात जुला हे नाव रूढ झालं. गावोगाव त्यांची घरं, नातेवाईक आणि सोबत एखादा कुराण शिकवणारा. अनोळखी गावी गेलं तरी आपल्या कुळाचा माणूस भेटतो, तो उतरायला जागा देतो, उधारीची हमी घेतो. मालीचं सैन्य जिथे कधी पोचलं नाही, तिथेही यांची वस्ती पोचली. साम्राज्य मोडल्यावरही हे जाळं चालू राहिलं, म्हणूनच मला ते मुसाच्या सोन्यापेक्षा मोठं वाटतं.

१०. तिथे कवड्या चालायच्या म्हणतात. समुद्र तर लांब होता!

फारच लांब. या कवड्या आपल्या बाजूच्या, मालदीवच्या. इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता, तेव्हा तिथे एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी त्याहूनही जास्त. पुढे माली आणि गाओमध्ये त्याच कवड्या दिनाराला ११५० या भावाने चालताना त्याने पाहिल्या. म्हणजे सुमारे साडेतीनशे पट किंमत. हिंदी महासागर, अरबस्तान, इजिप्त आणि मग सहारा असा प्रवास करून आलेली ती कवडी 'कवडीमोल' राहिलेली नव्हती.

११. मान्सा मुसाने इजिप्तची अर्थव्यवस्था बुडवली हे खरं का?

बुडवली नाही, सोन्याचा भाव पाडला. मुसा १३१२ च्या सुमारास गादीवर आला आणि १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत पोचला. सोबत हजारो माणसं आणि सोन्याची ८० ते १०० ओझी असल्याचं लेखक सांगतात. मामलूक सुलतान अन्-नासिर मुहंमदपुढे जमिनीला ओठ टेकवायला त्याने आधी नकार दिला, मग आपण देवापुढे नमतो आहोत असं म्हणत वाकला. दरबारातल्या कुणालाही त्याने रिकाम्या हाती ठेवलं नाही. अल्-उमरी सांगतो की तोवर सोन्याचा मिस्काल २५ दिरहमच्या खाली जात नसे. मुसा येऊन गेल्यावर तो २२ किंवा त्याहून खाली आला आणि बारा वर्षांनंतरही तसाच होता. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास घसरण. एका पाहुण्यामुळे एवढं होणं हेही थक्क करणारं आहे, त्यासाठी देश बुडवायची गरज नाही.

याच पाहुण्याला परतीच्या वाटेवर कैरोच्या सावकारांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढावं लागलं, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

१२. मुसा जगातला आजवरचा सर्वात श्रीमंत माणूस होता का?

४०० अब्ज डॉलर हा आकडा इंटरनेटवर फिरतो, पण त्याला आधार नाही. राजाचा खजिना आणि राज्याचं उत्पन्न यांत तेव्हा आजच्यासारखी रेघ नव्हती, खाणींची मालकी त्याच्याकडे नव्हती (प्र. ७), आणि चौदाव्या शतकातल्या सोन्याचं आजच्या डॉलरमध्ये अर्थपूर्ण रूपांतर होत नाही. त्याच्या कीर्तीचा खरा पुरावा वेगळा आहे. १३७५ मध्ये मायोर्का बेटावर तयार झालेल्या नकाशात सहाराच्या दक्षिणेला एक मुकुटधारी राजा हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवला आहे, शेजारी मुसाचं नाव आहे. तो मरून तेव्हा चार दशकं होत आली होती.

१३. इब्न बतूता म्हणजे देवगिरीला आलेलाच का?

तोच. मुहंमद तुघलकाच्या नोकरीत असताना, १३४२ च्या सुमारास, तो दौलताबादेहून आणि नंदुरबारवरून खंबायतला गेला. तिथल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं आहे; दौलताबादच्या कोठडीतले मांजरापेक्षा मोठे उंदीर तर प्रसिद्धच आहेत. दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, तो सहारा ओलांडून मालीत गेला.

तगाझात त्याने मिठाच्या लाद्यांची घरं आणि मशीद पाहिली, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. वालाताहून पुढे वाट इतकी सुरक्षित होती की तीनच सोबती घेऊन तो निघाला. वाटेत बाओबाबच्या पोकळ बुंध्यात एक विणकर माग मांडून बसलेला दिसला. राजधानीत मान्सा सुलेमानकडून पाहुणचार आला म्हणून तो उत्सुकतेने उठला, तर तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही! त्याला हसू फुटलं आणि सुलेमानला त्याने कायमचं कंजूष ठरवलं. सुलेमान काटकसरी राजा होता एवढंच यातून निघतं. मुसाच्या खर्चानंतर ते शहाणपणाचंच म्हणायला हवं.

त्याला आवडलेल्या गोष्टीही त्याने मोकळेपणाने सांगितल्या: न्याय, निर्धोक रस्ते, परदेशी माणूस मेला तर त्याच्या मालाला कुणी हात न लावणं. स्त्रियांचं मोकळं वागणं मात्र त्याला पटलं नाही. कुराण पाठ होईपर्यंत मुलांच्या पायात बेड्या घालतात, याचं त्याला कौतुक वाटलं. वाचताना मी इथे दर वेळी थांबतो.

१४. टिंबक्टूला खरंच विद्यापीठ होतं का? हस्तलिखितं जळाली का?

आजच्या अर्थाने विद्यापीठ नव्हतं. इमारत, कुलगुरू, पदवी असं काही नाही. सांकोरे मशिदीच्या परिसरात विद्वान आपापल्या घरी किंवा मशिदीत शिकवत आणि एकेक ग्रंथ पुरा केल्यावर शिष्याला तो शिकवण्याची परवानगी देत. या विद्येचा बहर मालीच्या नंतरचा, सोंघाय साम्राज्याच्या काळातला. अहमद बाबा या पंडिताने मोरोक्कोच्या सैन्याने लुटलेल्या आपल्या १६०० ग्रंथांबद्दल सांगताना, घराण्यात आपलाच संग्रह लहान होता असं म्हटलं होतं. जिंगेरेबेर मशीद मात्र मुसाच्या काळातली. ती ग्रानाडाच्या अल्-साहिलीने बांधली अशी परंपरा आहे.

२०१२ मध्ये जिहादी गटांनी शहर ताब्यात घेतलं, पीरांच्या समाध्या फोडल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये पळताना सुमारे चार हजार हस्तलिखितं जाळली किंवा चोरली. पण त्याआधीच शहरातल्या कुटुंबांनी आणि ग्रंथपालांनी लाखो हस्तलिखितं पेट्यांत भरून, गाड्यांनी आणि होड्यांनी बामाकोला पोचवली होती. समाध्या २०१५ पर्यंत गवंड्यांनी पुन्हा उभारल्या.

१५. गुलामगिरी होती का? याबद्दल कुणी बोलत का नाही?

होती, आणि बोलायलाच हवं. तगाझाच्या खाणीत मीठ कापणारे गुलाम होते. इब्न बतूता परत निघाला त्या तांड्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. लढाईत पकडलेली माणसं उत्तरेला विकली जात, घोडे त्यांच्या बदल्यात येत. दुसरीकडे, साकुरा नावाचा एक मुक्त झालेला गुलाम स्वतः मान्सा झाला. त्याच्या नशिबावरून बाकीच्यांचं आयुष्य मोजू नये.

१६. राजधानी कोणती? काही ठिकाणी नियानी लिहिलेलं असतं.

गिनीतलं सांकारानी नदीकाठचं नियानी हे नेहमीचं उत्तर. पण तिथल्या उत्खननात चौदाव्या शतकातल्या भरभराटीच्या राजधानीला साजेसा पुरावा निघाला नाही. राजधानी वेळोवेळी हलली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

१७. मालीचा राजा कोलंबसाच्या आधी अमेरिकेला पोचला होता का?

पोचल्याचा कसलाही पुरावा नाही. अमेरिकेत मालीची एकही वस्तू सापडलेली नाही. गोष्ट येते ती मुसाच्याच तोंडून. आपल्या आधीच्या राजाने समुद्राचा शेवट पाहायला नावा पाठवल्या, एकच परत आली, मग तो स्वतः दोन हजार नावा घेऊन गेला आणि आलाच नाही, असं त्याने कैरोत सांगितलं. अल्-उमरीने ते टिपलं. त्या राजाचं नाव 'अबू बक्र दुसरा' असं सर्रास लिहितात, पण अल्-उमरी नाव देतच नाही. मुसाला गादी कशी मिळाली, याचं उत्तरही या गोष्टीत सोयीस्करपणे मिळून जातं, हे ध्यानात ठेवावं.

१८. कुरुकान फुगा म्हणजे जगातलं पहिलं संविधान का?

किरिनाच्या विजयानंतर कांगाबाजवळच्या मैदानात सुंजाताने सगळ्या कुळांची सभा भरवून नियम घालून दिले, अशी परंपरा आहे. कोणत्या कुळाने कोणाची थट्टा करावी आणि त्याने रागवू नये, असे थट्टेच्या नात्याचे नियमही त्यात येतात आणि ते आजही पाळले जातात. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. पण फिरत असलेली ४४ कलमांची यादी १९९८ मध्ये गिनीतल्या कांकान इथे जेलींच्या सांगण्यावरून संकलित झाली. तेराव्या शतकातला कागद म्हणून ती दाखवणं चूक आहे.

१९. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी मालीचे होते का?

नाही. मलिक अंबर इथिओपियाचा. सिद्दींचे पूर्वजही पूर्व आफ्रिकेतून, अरबी समुद्राच्या वाटेने आले. माली खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. 'मलिक' हा अरबी शब्द, त्याचा मालीशी संबंध नाही.

२०. एवढं साम्राज्य संपलं कसं?

एका लढाईत नाही. १३६० मध्ये सुलेमान वारल्यावर भाऊबंदकी पेटली. सुंजाताचे वंशज आणि मुसा ज्या शाखेतला होता ते सुंजाताच्या भावाचे वंशज, दोघांचाही गादीवर दावा. नंतरच्या एका मान्साने तर खजिन्यातला प्रसिद्ध सोन्याचा गड्डाच विकून टाकला. १४३३ मध्ये सहारातल्या तुआरेग टोळ्यांनी टिंबक्टू घेतलं, १४६८ मध्ये ते सोंघायच्या सुन्नी अलीकडे गेलं. उत्तरेच्या पेठा अशा हातच्या गेल्या.

त्याच सुमाराला सोन्याची वाट वळू लागली. पोर्तुगीज गाम्बियाच्या मुखाशी आले आणि १४८२ मध्ये त्यांनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला. सहाराला वळसा घालून सोन्यापर्यंत पोचायची ही धडपड दक्षिणेकडे सरकत राहिली आणि तिच्याच पुढच्या टप्प्यावर १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला, १५१० मध्ये अल्बुकर्क गोव्याला पोचला. मोरोक्कोने १५९१ मध्ये सोंघाय मोडल्यावर मान्सा महमूदने १५९९ मध्ये जेन्ने परत घ्यायचा प्रयत्न केला, पण बंदुकांपुढे तो हरला. त्यानंतर लहान लहान सरदाऱ्या उरल्या. पश्चिमेकडचं काबू हे मंडिंका राज्य मात्र १८६० च्या दशकापर्यंत टिकलं.

२१. आज तिथे काय पाहायला, ऐकायला मिळतं?

जेन्नेची मातीची मशीद सर्वांना माहीत असते. पण आजची इमारत १९०७ ची आहे, जुन्या जागेवर बांधलेली. गिनीत नियागासोला गावी कुयाते घराण्याने 'सोसो बाला' जपलं आहे. सुमंगुरूचंच बालाफोन ते हेच, असं ते मानतात. १९४९ मध्ये सोलोमाना कांते यांनी मंडिंका भाषांसाठी न्को ही लिपी तयार केली. 'न्को' म्हणजे 'मी म्हणतो'. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि स्वरांचा चढउतारही दाखवते. आज तिच्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं निघतात, मोबाईलवरही ती चालते.

आणि मालीतलं कांगाबा. तिथे कामाब्लोन नावाचं एक गोल, मातीच्या भिंतींचं घर आहे. दर सात वर्षांनी सुंजाताच्या केता कुळातली माणसं जमून त्याचं गवताचं छप्पर उतरवतात आणि नवीन शाकारतात. त्या दिवसांत केला गावचे जाबाते जेली आत बसून मान्देनची सगळी गाथा गातात. ती बाहेरच्यांनी ध्वनिमुद्रित करायची नाही, असा दंडक आहे.